हक्क सोडल्यावर

दक्षिण कोरियात पाच राज्यपाल असे आहेत की ज्यांना आपल्या प्रांतात पाऊल ठेवता येत नाही. ह्वांगहे, उत्तर आणि दक्षिण प्योंगान, उत्तर आणि दक्षिण हामग्योंग हे प्रांत गेली सत्तर-ऐंशी वर्षं प्योंगयांगच्या अमलाखाली आहेत. तरी सोलमधले राष्ट्राध्यक्ष या पाच जागांवर रीतसर नेमणुका करतात. त्यांची कचेरी आहे, कर्मचारी आहेत, सरकारी पगार आहे. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. एका सहकाऱ्याने शांतपणे राज्यघटनेतलं तिसरं कलम सांगितलं: देशाची भूमी म्हणजे संपूर्ण कोरियन द्वीपकल्प आणि त्याला लागून असलेली बेटं. मग राज्यपाल नेमायलाच हवेत, नाही का? पलीकडे तरी निराळं कुठं होतं? उत्तरेच्या १९४८च्या घटनेत राजधानी म्हणून सोलचं नाव होतं. प्योंगयांग कागदोपत्री राजधानी झालं ते थेट १९७२ साली.

या भांडणाबद्दल आपल्याकडे जे वाचायला मिळतं त्यात अणुबॉम्ब असतो, क्षेपणास्त्रं असतात, किम घराणं असतं. हा दुहेरी दावा क्वचितच येतो. मला मात्र दक्षिण कोरियातल्या माझ्या मुक्कामात हळूहळू वाटू लागलं की किल्ली तिथंच आहे. शेजारचा देश आपल्या जमिनीवर डोळा ठेवून आहे, हे एक वैर झालं. शेजारचा म्हणतो, ‘तू देशच नाहीस, मीच तू आहे’, हे दुसरं. त्यात समोरच्याचं नुसतं असणं हाच गुन्हा ठरतो.

आपल्याला लगेच फाळणी आठवते. पण आपल्याकडच्या फाळणीला निदान एक कारण सांगितलं गेलं होतं, मग ते पटो न पटो. कोरियात भाषा एक, अन्न एक, सणवार तेच, आडनावंही तीच. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येणार हे दिसू लागलं तेव्हा वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी रात्री नकाशा पुढ्यात घेऊन ३८व्या अक्षांशावर रेघ सुचवली. उत्तरेत जपानी सैन्याची शरणागती रशियनांनी घ्यायची, दक्षिणेत अमेरिकनांनी. कोरियातल्या कुणाला विचारलं गेलं नाही. ती व्यवस्था काही दिवसांची होती. तीन वर्षांत त्या रेघेच्या दोन्ही अंगांना दोन सरकारं उभी राहिली आणि दोघांनीही आपण अख्ख्या देशाचं सरकार असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे या प्रकाराला भाऊबंदकी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. भाऊबंदकीतला बांध भावाभावांनी घातलेला असतो.

२५ जून १९५०ला उत्तरेचं सैन्य खाली उतरलं. नऊ महिन्यांत सोलने चारदा मालक बदलले. सैन्यं दक्षिणेच्या टोकापर्यंत गेली, मग उत्तरेत चीनच्या हद्दीपर्यंत गेली, आणि १९५१च्या उन्हाळ्यात जवळजवळ निघाल्या जागी येऊन थांबली. लाखोंनी माणसं मेली होती. जुलै १९५१ मध्ये बोलणी सुरू झाली. आघाडी फारशी हलत नव्हती, तरी युद्धविरामाला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत डोंगरमाथ्यांसाठी माणसं मरत राहिली. इतका उशीर कशासाठी? मुख्यतः युद्धकैद्यांसाठी.

हा प्रश्न मला सगळ्या कोरियन कहाणीत सर्वांत बोलका वाटतो. युद्ध संपलं की कैद्यांना परत पाठवायचं, असं जिनिव्हा करार सांगतो. पण दक्षिणेतल्या छावण्यांमधल्या हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांना परत जायचं नव्हतं, किंवा छावण्यांतल्या दादा मंडळींनी त्यांना तसं म्हणायला लावलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यांतली कोणती कुणाच्या बाबतीत खरी, हे ओळखणं अवघड होतं. एक कैदी ‘मला तिकडे नको’ म्हणाला की एका राज्याच्या दाव्याला तडा जायचा. म्हणून दोन्ही बाजू एकेका माणसासाठी हटून बसल्या. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी तर जून १९५३ मध्ये कुणालाही न विचारता सुमारे सत्तावीस हजार कैद्यांसाठी छावण्यांची दारं उघडून दिली.

अखेर २७ जुलै १९५३ला पानमुनजोमला युद्धविराम झाला. दक्षिण कोरियाने त्यावर सही केली नाही. शांततेचा तह आजतागायत झालेला नाही.

परत जायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांना सांभाळायला कुणीतरी तिसरा हवा होता. तो भारत झाला. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि पहाऱ्यावरच्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. ऱ्हींनी भारतीय सैनिकांना दक्षिणेच्या मातीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला. लढायला नव्हे तर कैदी राखायला आलेली ही माणसं, पण त्यांना बोटीवरून अमेरिकी हेलिकॉप्टरांनी उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथल्या तळाचं नाव ठेवलं ‘हिंद नगर’. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाआड धरून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ मी कोरियाला जाण्याआधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. तिथल्या लोकांना भारतीय म्हटलं की योग, करी आणि सॉफ्टवेअर आठवतं. हे प्रकरण आपल्याकडेही कुणाला फारसं ठाऊक नाही. एका मराठी माणसाने सत्तर वर्षांपूर्वी त्या रेषेवर उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, याचं निदान एखादं प्रकरण आपल्या शालेय पुस्तकांत यायला हरकत नव्हती.

प्रत्येक कैद्याला समजावून सांगायला नव्वद दिवस ठरले होते. मोठ्या तंबूत एकेकाला आणायचं, त्याच्या देशाचे अधिकारी बोलणार, मग त्याने एक दार निवडायचं. बहुतेक जण त्या तंबूपर्यंत पोचलेच नाहीत. ज्यांचं म्हणणं शेवटपर्यंत कळलं त्यांतल्या अठ्ठ्याऐंशी जणांनी मात्र उत्तरही नको, दक्षिणही नको, चीनही नको, तैवानही नको असं सांगितलं. शहात्तर कोरियन आणि बारा चिनी. फेब्रुवारी १९५४ मध्ये परतणाऱ्या भारतीय दलाबरोबर ते भारतात आले. पुढे बरेचसे दक्षिण अमेरिकेत गेले, थोडे इथंच राहिले. चोई इन-हुन यांची ‘क्वांगजांग’ ही १९६०ची कादंबरी अशाच एका कैद्यावर आहे. तो भारताकडे निघालेल्या जहाजातून समुद्रात उडी घेतो. कोरियात ती शाळा-कॉलेजांतून वाचली जाते. दोन हक्कदारांच्या भांडणात ‘मी तुम्हा दोघांचाही नाही’ म्हणणाऱ्याला जागा नसते, हे त्या समाजाने फार लवकर ओळखलं होतं.

कोरियात असताना माझं काम सीमेजवळच्या पाजूत होतं, राहणं सोलमध्ये. रोज हान नदीच्या काठाने उत्तरेकडे जाणाऱ्या जायुरो रस्त्याने जायचं. एका बाजूला गुळगुळीत हमरस्ता, भरधाव गाड्या. दुसऱ्या बाजूला काही पट्ट्यांत अजून काटेरी तारेचं कुंपण आणि पहाऱ्याच्या चौक्या. उत्तरेकडच्या काही रस्त्यांवर दोन्ही बाजूंना काँक्रीटचे अजस्र ठोकळे रचलेले दिसतात. रणगाडे आले तर ते पाडून रस्ता अडवायचा. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे टक लावून पाहत असे. नंतर पाहणं सुटलं. तिथल्या कुणालाच ते दिसत नाहीत. माझा एक सहकारी, तिशीतला इंजिनिअर, दरवर्षी राखीव सैनिकांच्या सरावाला जायचा. गणवेश थोडा घट्ट होऊ लागल्याची त्याची तक्रार असे. त्याची लष्करी सेवा चोरवनच्या आघाडीवर झाली होती, शत्रूच्या अगदी समोर. शत्रूबद्दल तो काही बोलला नाही. बर्फ उपसून पाठीचा कणा मोडला, हेच सांगत राहिला.

३१ मे २०२३च्या सकाळी पावणेसातच्या सुमाराला सोलमधल्या सगळ्यांचे फोन एकदम ओरडले. सुरक्षित ठिकाणी जाण्याची तयारी करा, मुलं आणि वृद्ध आधी. कुठं जायचं, कशासाठी, काहीच नाही. उत्तरेने उपग्रहासाठी रॉकेट सोडलं होतं. वीस-बावीस मिनिटांनी दुसरा निरोप आला की आधीचा चुकून गेला. मी तोवर पासपोर्ट, पाण्याच्या दोन बाटल्या आणि का कोण जाणे, छत्री पिशवीत भरली होती. दुपारी जेवताना सगळे इशाऱ्याच्या भोंगळपणावर चिडलेले होते. भीतीबद्दल कुणी बोललं नाही. हा निबरपणा आहे की धैर्य, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. इतकं खरं की एवढी मोठी सैन्यं समोरासमोर ठेवून इतकी वर्षं जगायचं तर रोज घाबरून चालत नाही.

या इतक्या वर्षांत सीमा शांत होती असंही नाही. जानेवारी १९६८ मध्ये उत्तरेची एकतीस जणांची तुकडी राष्ट्राध्यक्षांना मारायला सोलमध्ये त्यांच्या निवासस्थानाजवळ पोचली. १९७४पासून युद्धविरामाच्या रेषेखालून खणलेले चार बोगदे सापडले. त्यांतल्या एकाच्या भिंतींना उत्तरेने काजळी फासली होती, कोळशाची खाण वाटावी म्हणून. १९७६ मध्ये पानमुनजोममध्ये एका झाडाच्या फांद्या छाटण्यावरून कुऱ्हाडी चालल्या आणि दोन अमेरिकी अधिकारी मारले गेले. २०१०च्या मार्चमध्ये चोनान ही युद्धनौका बुडून शेहेचाळीस खलाशी गेले, नोव्हेंबरमध्ये योनप्योंग बेटावर तोफा डागल्या गेल्या.

पण याच काळात दोन्ही बाजू एकमेकांशी सतत बोलतही होत्या, हे विसरलं जातं. रेषेवरचे भोंगे हे त्या बोलण्याचं सर्वांत विचित्र रूप. दक्षिणेच्या भोंग्यांतून बातम्या, हवामान, गाणी जायची. उत्तरेकडून आपल्या राजवटीची स्तुती यायची. दोघं एकमेकांना फितवायचा प्रयत्न करत होते. फितवायचं कुणाला? जो आपलाच आहे त्याला. पत्रकं उडवायची तीही याच आशेने की पलीकडचा माणूस ती वाचेल आणि त्याचं मन वळेल.

२०२३च्या डिसेंबरमध्ये किम जोंग उन यांनी सांगितलं की दक्षिणेशी असलेलं नातं आता एका रक्ताच्या माणसांचं नाही, ते दोन शत्रुराष्ट्रांचं आहे. एकीकरणाचं ध्येय सोडलं. पुढच्याच महिन्यात प्योंगयांगमधली एकीकरणाची कमान पाडली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिणेला जोडणारे रस्ते सुरुंग लावून उडवले. त्याच वर्षी उत्तरेकडून फुगे आले ते कचरा घेऊन. दक्षिणेने पुन्हा भोंगे लावले तेव्हा उत्तरेने उत्तरादाखल नुसता आवाज सोडला: धातू घासल्यासारखा, लांडगे ओरडावेत तसा, रात्र-रात्र. गांग्ह्वा बेटावरचे लोक महिनोन्‌महिने झोपले नाहीत. जून २०२५ मध्ये सोलच्या नव्या सरकारने भोंगे बंद केले आणि दुसऱ्या दिवशी पलीकडचा आवाजही थांबला. मला त्या आवाजाची गोष्ट फार लागली. त्यात शब्द नव्हते. आता पलीकडच्याचं मन वळवायचंच नव्हतं.

माझ्या त्या सहकाऱ्याला यात वाईट काही वाटत नाही. त्याच्या मते दोन देश आहेत, तर दोन देशांसारखे राहू दे. ज्याने हक्क सोडला तो निदान घर बळकवायला येणार नाही. एकीकरण झालंच तर खर्च त्याच्या पिढीच्या माथी येणार, हेही तो सांगतो. त्याच्या वयाच्या बऱ्याच जणांचं हेच मत आहे आणि त्यात तथ्य आहे. लाखो माणसं ज्या दाव्यापायी मेली तो दावा एकाने खाली ठेवला, तर त्याचं दुःख कशाला करायचं? तरी मला ते पुरतं पटत नाही. दावा गेला तरी शस्त्रं गेली नाहीत. उलट किम यांनी त्याच भाषणात युद्ध झालं तर दक्षिण ताब्यात घेण्याच्या तयारीचीही भाषा केली. आपला म्हणून ज्याला वाचवायचं होतं, तो परका झाल्यावर त्याच्यावर बॉम्ब टाकायला आड येणारं एक कारण कमी होतं.

आणि ताटातूट झालेल्या घरांचं काय? दक्षिणेत १९८८पासून सुमारे एक लाख चौतीस हजार लोकांनी उत्तरेतल्या नातेवाइकांना भेटण्यासाठी नाव नोंदवलं. त्यांतले दोन-तृतीयांशांहून अधिक वारले. २०००पासून २०१८पर्यंत प्रत्यक्ष भेटींच्या एकवीस फेऱ्या झाल्या, माणसं संगणकावरच्या सोडतीने निवडली जायची. शेवटची फेरी ऑगस्ट २०१८ची. या भेटींसाठी उत्तरेतल्या कुमगांग पर्वताजवळ दक्षिणेच्या पैशातून एक इमारत बांधली होती. ती उत्तरेने २०२५च्या सुरुवातीला पाडायला घेतली. सहकाऱ्याच्या ‘दोन देश’ या हिशेबात या म्हाताऱ्यांसाठी व्हिसा तरी असायला हवा. अजून तरी कुणी तो काढलेला नाही, आणि मागायला गेलं तर अर्ज कुणाकडे द्यायचा हेही ठरलेलं नाही.