मोडलेला निश्चय

हिंगण्याच्या बाजारात अथवा तेथील औद्योगिक वसाहतीच्या वाटेवर पानठेल्यापाशी क्षणभर उभे राहावे, म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घालून घोटीत असलेले हात दिसतात. हाच आपल्या विदर्भाचा खर्रा. २०१२ साली महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर बंदी घातली, तथापि खर्ऱ्याची सवय काही तेवढ्याने सुटली नाही. तंबाखूप्रमाणे नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरविले आहे. शिवाय सुपारीने तोंड हळूहळू इतके आखडते की, भाकरीचा घास आत जाणे कठीण होते.

ही हानी सर्वांस ठाऊक आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. वर्षअखेरच्या उपासनेत एखादा बंधू मंडळीसमोर उभा राहून खर्रा सोडल्याचे सांगतो. तीन आठवडे तो वचन पाळतो. मग कापूस वेचताना सोबती पुडी पुढे करतो, आणि ह्याचा हात जातो. पुढल्या रविवारी तो मंदिरात दिसत नाही. ह्याने देवाशी लबाडी केली काय?

आम्हांस तसे वाटत नाही. बोलतानाच ज्याच्या मनात दुसरे असते, तो लबाड. हा बंधू त्या रात्री खरेच बोलला होता. तंबाखूतील निकोटीन शरीरास जखडून ठेवते. ती सोडताच चिडचिड होते, झोप उडते, कामात चित्त लागत नाही. पुष्कळांस अनेक वेळा प्रयत्न करावा लागतो, तेव्हा कोठे ती सुटते. मग एका पुडीवरून त्याचे अंतःकरण खोटे कसे ठरवावे? खरा घात पुढे होतो. 'आता मोडलेच' असे म्हणून तो एकीच्या दहा करतो, आणि लाजेने आपणांपासून लपतो.

कोणी वडील म्हणतील, अशाने पडणाऱ्यास मोकळीक मिळेल. ही शंका क्षुल्लक नव्हे. म्हणून 'मी पडलो' एवढेच म्हणणे पुरे नाही. कोठे, कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत पडलो, हेही त्याने सांगावे. मोकळीक शोधणारा हा हिशेब देत नाही. ज्याने दिला, त्यास पुढच्या वेचणीला खिशात भाजलेली बडीशेप ठेवावी व सोबत्यास आधीच सांगून ठेवावे, हे सुचते. सरकारचा १८०० ११ २३५६ हा विनामूल्य दूरध्वनीही ह्याच कामासाठी आहे.

मार्काची गोष्ट आठवा. पंफुल्यातून तो काम टाकून परत फिरला. पुढे पौल त्यास बरोबर नेण्यास कबूल होईना. त्यावरून बर्णबाशी तीव्र मतभेद होऊन दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कास घेऊन कुप्रास गेला. पौलाचे म्हणणे निराधार नव्हते, परंतु पुढे बंदिवासातून पौलानेच मार्कास बोलावून घेतले. मधल्या वर्षांत कोणीतरी त्यास जवळ केले नसते, तर बोलावण्यास मार्क उरला असता काय?

उपदेशक बंधूंनो, सोमवारी त्या घरी जाणे आपले काम आहे. (आपल्याच खिशात चंची असेल, तर ती आधी बाहेर काढून दाखवावी, आमच्यात असे पुष्कळ आहेत.) ओसरीवर बसल्यावर खर्ऱ्याचे नाव काढू नये. पीकपाण्याचे बोलावे. तो विषय तोच काढील.