नाव गाळलेली याचिका

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक छोटी बातमी असते. कायद्यातली २४ आठवड्यांची मर्यादा उलटून गेली, म्हणून गर्भपाताच्या परवानगीसाठी कुणी मुंबई उच्च न्यायालयात गेलेली असते. याचिकेवर तिचं नाव नसतं. ‘एक्सवायझेड विरुद्ध महाराष्ट्र शासन’ एवढंच. नाव गाळलं हे बरं झालं, असं वाटतं. मग पुढच्या ओळीत वय येतं, तालुका येतो, वडील काय करतात तेही येतं. मुंबईच्या वाचकाला त्यातून काही कळत नाही. त्या तालुक्यातल्या वाचकाला सगळं कळतं.

खरं तर नियमांनी ही काळजी बारकाईनं घेतली आहे. गर्भपाताचा कायदा १९७१चा. २००३च्या नियमावलीनुसार दाखल झालेल्या बाईचं नाव एकाच नोंदवहीत लिहायचं, आणि ती वही गोपनीय ठेवायची. केसपेपरवर, ऑपरेशन थिएटरच्या वहीत, पुढच्या तपासणीच्या कार्डावर फक्त अनुक्रमांक. नोकरदार बाईला रजेसाठी दाखला मिळतो. पण तो पाहणाऱ्या मालकानंही ही गोष्ट बाहेर बोलायची नाही.

२०२१ च्या दुरुस्तीनं आणखी एक कलम आलं. डॉक्टरनं नाव फोडलं, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालय अल्पवयीन मुलींबद्दल बोललं. अल्पवयीनांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतंच. पण मुलीनं आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरनं तिची ओळख सांगायची गरज नाही. नाव फुटण्याच्या धास्तीनं मुली अर्धवट शिकलेल्या हातांखाली जाऊ नयेत, यासाठी.

कायदा वहीला कुलूप लावू शकतो. ‘कुणाची असेल गं?’ या प्रश्नाला कुलूप लागत नाही. तो प्रश्न नेहमी वाईट मनानंच विचारला जातो असंही नाही. पुष्कळदा त्यात कळवळा असतो. पण कळवळ्यानं केलेली चौकशीही चौकशीच असते. आणि जिची चौकशी होते तिला त्याच गावात राहायचं असतं. त्याच एसटीनं जायचं असतं, त्याच दुकानात साखर मागायची असते.

आपण माहिती लपवण्याचा विचार करतो. ती वाटायची किती, हाही विचार करण्यासारखा आहे. डॉक्टरला तिची तब्येत कळायला हवी. न्यायाधीशांना आठवडे आणि तिची इच्छा कळायला हवी. रजा देणाऱ्याला तारखा पुरतात. ज्याचं जेवढं काम, तेवढंच त्यानं जाणावं.

बातमी आपल्यापर्यंत पोचते, ती कायदा कुठवर आला आहे हे कळावं म्हणून. ती बाई कोण, हे त्यासाठी कळावं लागत नाही.