आप्त कोण?

आमच्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात कोणास मोठा अपघात झाला की पहिले आठ दिवस दवाखान्याच्या ओसरीत माणसे मावत नाहीत. महिन्यानंतर मात्र रात्री दोन वाजता कूस बदलून देणारे एखादेच उरते. आप्त म्हणावे ते त्यास, की वंशावळीत जवळ असणाऱ्यास? १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा खून करणाऱ्याचा वारसा काढून घेतो. शुश्रूषा टाळणाऱ्याचा नाही!

या प्रश्नाची कसोटी पाहणारे प्रकरण अपघाताचे नव्हे, हल्ल्याचे आहे. हळदीपूरच्या अरुणा शानभाग मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच एका नराधमाने त्यांचा गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्या बऱ्या झाल्या नाहीत. परंतु परिचारिकांनी त्यांस ४१ वर्षे भरविले, न्हाऊ घातले; अंगास शय्याव्रण होऊ दिला नाही. त्यांचे अन्न थांबवावे असा अर्ज एका लेखिकेने केला, तेव्हा ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला व रुग्णालयातील सेवेकऱ्यांसच त्यांचे खरे आप्त मानले.

निकाल आम्हांस पटतो. तरी एक शल्य उरते. जिला बोलता येत नाही तिची इच्छा भरविणाऱ्या हातास अधिक कळते, की त्याच हातास ती सोडवत नाही?

१८ मे २०१५ रोजी अरुणाबाई गेल्या. अंत्यसंस्कारास रुग्णालयाचे अधिष्ठाता आणि एक नातेवाईक, दोघेही पुढे झाले.