परक्याचा आरसा व आपला चेहरा

गावात एखादा परदेशी प्रवासी आला म्हणजे काय घडते हे आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले आहे. मुले त्याच्या मागे धावतात, कोणी खुर्ची आणतो, कोणी चहा सांगतो. पाहुणा देऊळ पाहतो, ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायकांची छायाचित्रे घेतो, दोनचार प्रश्न विचारतो आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जातो. पुढे केव्हा तरी कानांवर येते की, त्याने आपल्या देशी जाऊन आपल्याविषयी काही लिहिले. ते गोड असले तर आपण चारचौघांत सांगत सुटतो, कडू असले तर "त्याला आमचे काय कळते?" असे म्हणून झिडकारतो. ह्या दोन्ही वागण्यांत विचार किती आणि अभिमान किती, हे मात्र आपण स्वतःस विचारीत नाही. परक्याने आपल्याविषयी जे म्हटले ते कोणत्या मापाने मोजावे, हा प्रश्न आज आपण घेऊ. तो केवळ विद्वानांचा नाही. ज्यास कोणी कधी नावे ठेविली आहेत अशा प्रत्येकाचा आहे.

प्रथम साताऱ्याचेच उदाहरण पाहू. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली व इंग्रजांनी प्रतापसिंह छत्रपतींस साताऱ्याच्या गादीवर बसविले. त्यांच्याजवळ राहून राज्याची व्यवस्था लावण्याकरिता जेम्स ग्रांट ह्या स्कॉच कप्तानास नेमण्यात आले. हाच पुढे ग्रांट डफ ह्या नावाने प्रसिद्ध झाला. तो १८२२ पर्यंत साताऱ्यास होता. तेथे त्याने दप्तरे चाळली, बखरी मिळविल्या, जुन्या घराण्यांतील मंडळींस विचारपूस केली. आणि मायदेशी परतल्यावर १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन भागांत छापून काढिला. त्याची मेहनत खोटी नव्हती, व मराठ्यांविषयी त्याच्या मनात द्वेष होता असेही म्हणता येत नाही. तरी मराठ्यांचे राज्य कसे उभे राहिले हे सांगताना त्याने सह्याद्रीच्या रानातील वणव्याची उपमा योजिली. वाळल्या गवतात ठिणगी पडावी आणि डोंगरच्या डोंगर पेटत जावा, तसे हे झाले, असा त्याचा आशय.

ही उपमा वरवर पाहता चुकीची वाटत नाही. जावळीच्या अथवा पाटणच्या बाजूस राहणाऱ्याने चैत्रातला वणवा पाहिलेलाच असतो. परंतु वणवा कोणी पेरीत नाही, कोणी राखीत नाही. तो लागतो आणि विझतो. जे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कष्टाने उभारिले त्यास वणवा म्हटले, तर त्या माणसांचे हात, त्यांचा विचार, त्यांची श्रद्धा हे सर्व एका शब्दात पुसले जाते. परक्याची नजर पुष्कळदा येथेच चुकते. तिला ज्वाळा दिसते, परंतु जमिनीखालचे मूळ दिसत नाही.

आता ह्या चित्रास आपल्या लोकांनी उत्तर कसे दिले तेही पाहा. १८६८ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या तरुणाने ग्रांट डफच्या ग्रंथावर टीका लिहिली. तीत शिवीगाळ नव्हती. कोठे पुरावा अपुरा आहे आणि कोठे कागद पाहिलेच गेले नाहीत, हे तीत दाखविले होते. पुढे वासुदेवशास्त्री खरे ह्यांनी मिरजेस शाळेत संस्कृत शिकवीत असता पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रे वाचून काढिली व १८९७ पासून ती छापण्यास आरंभ केला. १८९८ साली राजवाडे ह्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातील पत्रे वाईस सापडलेली होती. आणि १९०० साली न्यायमूर्ती रानडे ह्यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात वणव्याच्या त्या उपमेचेच नाव घेऊन सांगितले की, हे राज्य अकस्मात पेटलेले नव्हे; संतांनी व सामान्य लोकांनी त्याची भूमी आधीच नांगरून ठेविली होती.

ह्यातून पहिला बोध निघतो. खोट्या चित्रास राग हे उत्तर नव्हे. राग केल्याने चित्र पुसत नाही. उलट चित्रकारास वाटते की आपण वर्मावर बोट ठेविले. खरे उत्तर म्हणजे माळ्यावरची धूळ झाडून कागद बाहेर काढणे, आणि "साहेब, हे पाहावयाचे राहून गेले" असे शांतपणे दाखविणे.

परंतु येथेच थांबलो तर आपण स्वतःस फसवू. कारण परक्याच्या लेखणीतील शाई पुष्कळदा आपल्याच दौतीतली असते. बाहेरून आलेला मनुष्य गावाविषयी कोणास विचारतो? जो त्याच्यासमोर खुर्चीवर बसू शकतो त्यास. वेशीबाहेर जो उभा आहे त्यास तो विचारीत नाही, आणि विचारू लागला तरी त्यास पुढे येऊ देत नाहीत. म्हणून साहेबाच्या पुस्तकात जे उतरते ते पुष्कळदा गावच्या वजनदार मंडळींचेच मत असते.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जातींचा कायदा केला. १९११ साली त्याची व्याप्ती वाढली व तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. जातच्या जात जन्मतः चोर असू शकते, हे त्या कायद्याचे गृहीत. ज्या जमातींवर हा शिक्का बसला त्यांच्या माणसांस ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. ही कल्पना परक्याची खरी; परंतु कोणाची नावे त्या यादीत घालावयाची, हे सांगणारी जीभ परकी नव्हती. गावात चोरी झाली की प्रथम मांगवाड्याकडे व रामोशांच्या घरांकडे बोट दाखविणारे आमचेच लोक होते. वाळवे तालुक्यातील वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. त्या गावी मांग कुळात १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यांच्या 'फकिरा' ह्या १९५९ सालच्या कादंबरीत ह्या हजेरीचा डंख वाचावयास मिळतो. त्या कादंबरीतील माणसे चोर म्हणून जन्मलेली नाहीत. भुकेने, अपमानाने व अन्यायाने ती बंडास उठली आहेत. कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु कायद्याने लावलेला शिक्का कागदावरून जितक्या लवकर निघतो तितक्या लवकर तो शेजाऱ्याच्या मनातून निघत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लहानपणी साताऱ्यास राहत होते. त्यांचे वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या कामावर होते. दुष्काळात लोकांस काम मिळावे म्हणून तेथे तलाव खोदला जात होता. १९०१ साली उन्हाळ्यात मुले वडिलांस भेटावयास निघाली व आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते. अंगावर चांगले कपडे पाहून स्थानकाच्या मास्तरांनी त्यांस ब्राह्मणाची मुले समजून विचारपूस केली. परंतु आपण महार आहो असे मुलांनी सांगताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवाल्यांपैकी कोणी दुप्पट भाडे घेऊनही त्यांस नेण्यास तयार होईना. शेवटी असे ठरले की गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवान बाजूने पायी चालावा. बरोबर अन्न होते, पण पाणी मिळेना. म्हणून ती रात्र त्यांनी उपाशीच काढिली.

ही आठवण बाबासाहेबांनी पुढे इंग्रजीत लिहून ठेविली. तिच्या आरंभी ते म्हणतात त्याचा भावार्थ असा की, परदेशी लोकांस अस्पृश्यता आहे हे ठाऊक असते. परंतु ते तिच्या शेजारी राहत नसल्यामुळे ती किती जाचक आहे हे त्यांस उमगत नाही. म्हणजे परक्यास कळत नाही, ही आपली तक्रार खरीच आहे. मात्र ती दोन बाजूंनी खरी आहे. त्यास आपले चांगले जसे कळत नाही तसे आपले वाईटही पुरते कळत नाही. आणि मसूरच्या त्या रस्त्यावर पाणी न देणारा कोणी परदेशी नव्हता.

मग परक्याच्या कडू बोलण्यात काही तथ्य आढळले तर काय करावे? १९२७ साली कॅथरिन मेयो ह्या अमेरिकन बाईचे 'मदर इंडिया' हे पुस्तक निघाले, आणि देशभर संतापाची लाट उसळली. गांधीजींनी ते गटारे तपासणाऱ्याचा अहवाल ठरविले. जिने केवळ घाण हुडकली तिने देश पाहिला नाही, असा त्यांचा रोख होता. परंतु त्याच लेखात त्यांनी आपल्या लोकांस असेही बजाविले की, आरोप ज्या रीतीने मांडले ते नाकारा, पण त्यांच्या मुळाशी जे खरे आहे ते नाकारू नका. बालविवाह होते ते होतेच. अस्पृश्यता होती ती होतीच. सांगणाऱ्याचा हेतू खोटा असला म्हणून सांगितलेली गोष्ट खोटी होत नाही. शेजारणीने भांडणाच्या भरात "तुझ्या घराला आग लागली" असे ओरडून सांगितले, तरी शहाणा मनुष्य आधी घागर घेऊन धावतो. शेजारणीच्या स्वराचा विचार तो मागाहून करितो.

आमच्या मंडळ्यांसही ह्या विषयात एक काटा बोचतो, तो आम्ही लपवीत नाही. एके काळी मिशनांची पत्रे व अहवाल समुद्रापलीकडे जात. देणाऱ्याच्या मनास पाझर फुटावा म्हणून त्यांत पुष्कळदा अंधार गडद रंगविला जाई. आमची आजी त्या कागदांत कोठे आढळली तर अज्ञानी व दीन स्त्री म्हणून आढळते. तिने दुष्काळात पोरे कशी जगविली, जात्यावर बसून ती काय गात असे, वाड्यापुढे मान न वाकविता कशी चालत असे, ह्याचा तेथे उल्लेख नसतो. दया दाखविणारा मनुष्यही अन्याय करू शकतो, हे त्या कागदांवरून कळते. परंतु त्याच मिशनांत जस्टिन ॲबट ह्यांच्यासारखे गृहस्थही होऊन गेले. त्यांनी आपल्या उत्तर आयुष्यात महिपती, एकनाथ व तुकाराम ह्यांस इंग्रजीत उतरविण्याचे काम हाती घेतले, व १९२६ पासून ती ग्रंथमाला छापू लागली. तसेच मोल्सवर्थ साहेबांनी आमच्या बोलीतील शब्द वर्षानुवर्षे वेचून १८३१ साली मराठीचा मोठा कोश सिद्ध केला. त्याची १८५७ सालची आवृत्ती आजही विद्वानांच्या मेजावर असते. जो बोलण्याआधी ऐकतो, तो परका असला तरी त्याचे चित्र निराळे उतरते.

तेव्हा परक्याचे मत कानी आले असता आपण तीन प्रश्न विचारावे. ह्याने कोणास विचारून लिहिले? ह्याच्या बोलण्याने कोणाचे ओझे हलके होते, आणि कोणाच्या पाठीवर नवे चढते? आणि ह्यात खरे किती? पहिल्या दोन प्रश्नांनी आपण लेखकास तपासतो. तिसऱ्याने मात्र आपणच तपासले जातो, म्हणून तो आपण बहुधा टाळतो. त्यास टाळू नये. स्तुतीच्या बाबतीतही हेच तीन प्रश्न लावावे. कारण खोटी स्तुती निंदेहून अधिक झोप आणते.

शेवटी एक गोष्ट घराजवळची. दिवाळी उलटली म्हणजे कृष्णा-वारणेच्या काठी साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यांत उतरतात. गावाच्या कडेला त्यांच्या कोप्या पडतात. पहाटेच्या थंडीत त्यांच्या बायका पोरे पाठीशी बांधून फडात जातात. त्यांच्याविषयी आपण काय बोलतो? हे लोक अस्वच्छ, ह्यांची पोरे शाळेत टिकत नाहीत, ह्यांच्यापासून कोंबड्या सांभाळा. हे आपण कोणास विचारून ठरविले? त्या कोपीत आपण किती वेळा बसलो? ह्यांतील किती माणसांचे नाव आपणांस ठाऊक आहे?

साहेबाने साताऱ्याकडे पाहिले त्याहून हे पाहणे फारसे निराळे नाही. तो निदान चार वर्षे राहिला व कागद तरी वाचून गेला. आपण तर रस्त्यावरून जाता जाताच निवाडा देतो. परक्याच्या आरशात आपला चेहरा वेडावाकडा दिसला म्हणून आपणांस दुःख होते, ते योग्यच आहे. परंतु त्याच वेळी दुसऱ्यापुढे धरलेला एक आरसा आपल्याही हाती आहे. ह्या हंगामात कोपीच्या दाराशी जाऊन आधी नाव विचारावे, पाण्याचा तांब्या पुढे करावा, आणि मग काय बोलावयाचे ते बोलावे. मसूरच्या रस्त्यावर त्या मुलांस जे मिळाले नाही, ते आपल्या गावात कोणास मिळावयाचे राहू नये.