भुकेने दिलेली संमती

वेश्याव्यवसायाला कायद्याची मान्यता द्यावी काय, हा प्रश्न आता अर्थशास्त्राच्या भाषेत विचारला जातो. समर्थक म्हणतात, बंदीने हा व्यवहार थांबत नाही, फक्त अंधारात जातो. अंधारात दलाल माजतात, हप्तेखोरी वाढते, रोग पसरतात आणि पैसे बुडाले तर त्या स्त्रीला दादही मागता येत नाही. मान्यता दिल्यास करार होतील, शासनाला कर मिळेल, तिला विमा व औषधोपचार मिळतील.

या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. अत्याचार झाल्यास तिला निर्भयपणे पोलिसांकडे जाता आलेच पाहिजे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२२ मध्ये तिच्या सन्मानाने जगण्याच्या हक्कावर भर दिला. परंतु तिला संरक्षण देणे वेगळे आणि तिच्या विक्रीला व्यापार मानणे वेगळे.

जर्मनीने २००२ पासून हा व्यापार मान्य केला. मोबदल्याचा दावा न्यायालयात ग्राह्य ठरला, सामाजिक विम्याचे दार उघडले. २००७ च्या शासकीय आढाव्यात मात्र नोकरीचा करार असलेल्या स्त्रिया नगण्य आढळल्या. पुढे २०१७ मध्ये नोंदणी व परवान्याचा नवा कायदा लागू करावा लागला. २०१९ अखेर नोंद झालेल्या सुमारे ४० हजारांत बहुसंख्य परदेशी होत्या आणि त्यांत रुमानियासारख्या गरीब देशातून आलेल्या सर्वाधिक होत्या. मागणी श्रीमंत देशाची, पुरवठा गरीब घरांचा! कायद्याने कराराचा कागद दिला, विवशता मात्र तशीच राहिली.

इस्लाममध्ये व्यभिचार हा स्वेच्छेने केला तरी हराम आहे आणि त्याची कमाई प्रेषित मुहम्मद (स.) यांनी निषिद्ध ठरविली आहे. परंतु आर्थिक युक्तिवादाचा सारा डोलारा ‘संमती’वर उभा असल्याने ती संमती कशी जन्मते, हे पाहिले पाहिजे. मदीनेत अब्दुल्लाह बिन उबई आपल्या दासींना या कमाईला लावीत असे. सूरह अन्-नूरच्या ३३ व्या आयतीने ही सक्ती निषिद्ध केली आणि सक्ती झालेल्या स्त्रीसाठी अल्लाहच्या क्षमेची व दयेची ग्वाही दिली. त्याच आयतीत आणखी एक आज्ञा आहे : गुलामांनी मुक्तीचा करार मागितला तर तो करून द्या आणि अल्लाहने दिलेल्या संपत्तीतून त्यांना साहाय्यही करा. म्हणजे मनाई आणि मदत एकाच आयतीत आली.

आज ती दासी नाही, मग सक्ती कसली, असे कोणी विचारील. याचे उत्तर गुहेत अडकलेल्या तिघांच्या हदीसमध्ये आहे. त्यांतील एकाला त्याच्या चुलत बहिणीने नकार दिला होता. दुष्काळ पडला, ती मदतीसाठी आली आणि १२० दीनारांच्या बदल्यात तयार झाली. कागदोपत्री ती संमतीच होती. पण ऐनवेळी तिने त्याला अल्लाहचे भय दाखविले. तो उठला, दूर झाला आणि दिलेले सोने त्याने तिच्याजवळच राहू दिले. सौदा रद्द झाला, मदत रद्द झाली नाही. त्या सोन्याची गरज तिला आधीही तेवढीच होती. ते विनाअट मिळाले असते, तर ‘संमती’चा प्रश्नच उद्भवला नसता.

कामाठीपुरा किंवा बुधवार पेठेचे नाव निघताच आपण मान फिरवितो. तेथे पोहोचलेल्या कितीतरी स्त्रियांच्या मागे कर्ज, फसवणूक किंवा नातलगांनी वाऱ्यावर सोडल्याची कहाणी असते. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीच्या हक्कदारांमध्ये निर्धन, गरजू आणि कर्जबाजारी यांची नावे स्पष्ट आहेत. आपल्या मोहल्ल्यातील विधवा, तलाकशुदा किंवा सावकाराच्या विळख्यातील भगिनीपर्यंत ही जकात वेळेवर पोहोचते काय?

हराम मार्ग बंद करा, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे. परंतु हलाल मार्ग खुला ठेवण्याची जबाबदारीही आपलीच आहे आणि तिच्याविषयी अल्लाह आपल्याला विचारणार आहे.