भिंत आणि पटल

‘बाऊंड्री सेट कर.’ ब्रेकअप झालेली मैत्रीण असो, ऑफिसातून रात्री अकराला आलेला मेसेज असो, की घरच्यांचे लग्नावरून चाललेले प्रश्न असोत, हल्ली सगळ्या दुखण्यांवर हाच सल्ला मिळतो. सल्ला खोटा नाही. मागच्या पिढ्यांतल्या कितीतरी बायकांना ‘नाही’ म्हणायची मुभाच नव्हती. त्यांच्या वेळेवर, कष्टांवर, शरीरावर घरातल्या प्रत्येकाचा हक्क असायचा. अशा घरात वाढलेल्या कुणी स्वतःभोवती रेघ ओढली, तर तिला स्वार्थी ठरवायचा अधिकार कुणालाच नाही.

पण रेघ ओढायची म्हणजे नेमकं काय करायचं? आपल्या हातात असलेली बटणं बघा. ब्लॉक, म्यूट, अनफॉलो, ग्रुप सोडणं. सगळी बंद करण्याची. त्यामुळे सीमा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भिंत उभी राहते. आडनाव विचारून भाडेकरू नाकारणाऱ्या सोसायट्याही याच भाषेत बोलतात आणि देशही याच भाषेत बोलतात. मग कुणीतरी विज्ञानाचा दाखला देतं, ‘अरे, साध्या पेशीलासुद्धा सीमा असते.’ असते ना. पण ती कशी असते, हे बघायला मात्र कुणी थांबत नाही.

शाळेच्या पुस्तकात पेशीच्या धड्यात दोन शब्द होते, पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल. भित्तिका म्हणजे भिंत. ती वनस्पतींच्या पेशींना असते, आपल्या पेशींना नसते. ती आधार देते, आकार देते. पण पाणी, क्षार, साखर यांसारखे छोटे रेणू तिच्यातून सहज ये-जा करतात. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायचं काम भिंतीकडे नसतंच. ते भिंतीच्या आत असलेलं पातळ पटल करतं. १६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप बघितला आणि त्यातल्या खणांना ‘सेल’ हे नाव दिलं. ते खण रिकामे होते. हूकला दिसल्या होत्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती. पटल केव्हाच नष्ट झालं होतं, भिंत मात्र जशीच्या तशी उभी होती.

हे पटल मुख्यतः मेदाचं असतं. रश्श्यावर तेलाचा तवंग येतो, कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पटलातल्या मेदाच्या रेणूची गंमत अशी की त्याचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं आणि दोन शेपट्या पाण्यापासून दूर पळतात. असे असंख्य रेणू पाण्यात एकत्र आले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर, अशी दुहेरी रांग आपोआप तयार होते. १९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढून पाण्यावर पसरवला. त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट जागा व्यापली, आणि पटल दोन थरांचं असणार हा अंदाज तिथून आला. त्याची जाडी असते ५ नॅनोमीटरच्या आसपास. वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी वीसेक हजार पटलं मावतील. शिवाय ते घट्ट नसतं. त्यातले रेणू सतत इकडून तिकडे सरकत असतात.

ऑक्सिजन या पटलातून थेट आत येतो. साखर, सोडियम, पोटॅशियम यांना मात्र तेलकट थर ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारं बसवलेली असतात, आणि प्रत्येक दाराचा नियम वेगळा. काही दारं नुसती उघडतात, काहींना त्यासाठी ऊर्जा मोजावी लागते. येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना असाच एक पंप शोधला. तो ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि प्रत्येक फेरीला एटीपीचा एक रेणू खर्च करतो. आपण नुसते पडून असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा या पंपावर जातो. तो थांबला, तर आत-बाहेरचा फरक पुसला जातो, पेशी फुगते आणि मरते. म्हणजे ‘सीमाबिमा काही नको, सगळं एकच’ हे म्हणणं ऐकायला छान असलं तरी पेशीच्या बाबतीत त्याचा अर्थ मृत्यू असा होतो. पण सगळी दारं लावून घेतलेली पेशीही उपाशी मरते. जगायचं तर सीमा राखायची आणि ती राखण्यासाठी क्षणाक्षणाला राबायचं.

दार आहे म्हटल्यावर धोकाही आहे. पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं उदाहरण घ्या. पटकीचे जंतू एक विष सोडतात, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिलं. हे विष आतड्याच्या पेशीला चिकटतं ते तिच्या पटलातल्याच एका मेदाला, जीएम१ ला धरून. ज्या कातडीने तिला जगापासून वेगळं केलं, तिचाच एक भाग शत्रूची कडी बनतो. विष आत शिरलं की क्लोराइड बाहेर सोडणारं दार उघडंच राहतं. क्लोराइडमागे सोडियम जातं, त्यामागे पाणी. गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभरसुद्धा पाणी जाऊ शकतं.

अशा वेळी माणसांनी काय केलं? बंद केलं. जुलाब होताहेत म्हणजे पोटाला आराम हवा, काही देऊ नका, पाणीसुद्धा नको, अशी समजूत कितीतरी घरांत होती. डॉक्टरही पोट रिकामं ठेवायला सांगत. जे बाहेर पडतंय ते थांबवायचं असेल तर आत जाणंच बंद करा, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण त्याने तहानलेली मुलं दगावत होती.

वाट दुसऱ्याच दाराने निघाली. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत येतात. हे दार एकट्याला घेत नाही, दोघं बरोबर आले तरच उघडतं, आणि त्यांच्यामागून पाणीही शरीरात परततं. पटकीचं विष या दाराला धक्का लावत नाही. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी साखर-मीठ-पाण्याचं द्रावण रुग्णांना पाजून त्याचा उपयोग सिद्ध केला.

मग आलं १९७१. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेलगतच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाइन संपत आलं होतं. तेव्हा त्यांनी साखर-मिठाच्या पुड्या बनवून घेतल्या, द्रावण ड्रममध्ये भरलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या आईबापांवर, भावंडांवर सोपवलं. हा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीबाहेर देणं त्या काळी धोक्याचं मानलं जाई. पण त्यांच्या देखरेखीखालच्या तंबूंत मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. त्याआधी ते ३० टक्क्यांच्या घरात होतं. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, ती ही.

यातून लगेच नीतीचा धडा काढायची घाई नको. पेशीला मन नसतं, तिला अपमान कळत नाही, ती कुणाला क्षमाही करत नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘दार उघडं ठेव’ असं पेशीचा हवाला देऊन कुणी सांगू लागलं, तर तो क्रूरपणा होईल. काही माणसांसाठी दार कायमचं बंद करावंच लागतं. निसर्गात जे असतं तेच योग्य, असा नियम नाही.

पण निसर्गाचा दाखला देऊन जे भिंती बांधतात, त्यांना निदान दाखला तरी नीट द्यावा लागेल. पेशीचं दार रेणूचा आकार आणि विद्युतभार बघतं. ग्लुकोजचा रेणू उसातून आला की ज्वारीतून, हे तिला कळत नाही आणि त्याने तिचं काही अडतही नाही. आडनाव विचारणाऱ्या सोसायटीने पेशीचं नाव न घेतलेलं बरं.

आणि आपल्यापुरतं म्हणाल, तर बनगावची गोष्ट एक फरक दाखवते. उघडं पडलेलं दार काही त्या पाण्याने दुरुस्त झालं नव्हतं. बाधा झालेल्या पेशी काही दिवसांत झडून नव्या येईपर्यंत ते तसंच होतं. माणसं वाचली, कारण कुणीतरी शाबूत असलेलं दुसरं दार शोधलं. एका माणसाने दगा दिला म्हणून त्याला ब्लॉक करणं हे एक दार बंद करणं झालं. त्यानंतर कुणावरच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवणं, हे पोटाला आराम म्हणून पाणी तोडण्यासारखं आहे. दोन्हींना आपण ‘बाऊंड्री’ हा एकच शब्द वापरतो. पुढच्या वेळी तो वापरताना यातलं आपण कुठलं करतोय, एवढं जरी स्वतःला विचारलं तरी पुष्कळ आहे.