हुक कशाला लावायचा?

बांधकामाच्या फाटकावर तो फलक हमखास असतो: हेल्मेट घाला, पट्टा बांधा. सगळी ताकीद मजुराला. त्यात गैर काही नाही. पण बाविसाव्या मजल्याच्या स्लॅबची तयारी चालते, तेव्हा सेंट्रिंगवाल्याच्या डोक्यावर नुसतं आभाळ असतं. पट्ट्याचा हुक तो अडकवणार कशाला? हाताशी असतात त्यानंच मघाशी ठोकलेल्या फळ्या आणि खांबांच्या उघड्या सळया. कडेनं पोलादी दोर आधी ताणलेला असेल तरच पट्ट्याला अर्थ, आणि तो दोर ताणणं त्याच्या हातात नसतं. शिवाय काम चौरस फुटावर घेतलेलं. दर दोन पावलांनी हुक काढून लावायचा म्हणजे मजुरी बुडवायची. मुकादमही थांबू देत नाही.

या धंद्यातला सर्वमान्य क्रम वेगळाच आहे. आधी पडायची जागाच बंद करायची: डक्टच्या तोंडावर झाकण, लिफ्टच्या पोकळीला दार, स्लॅबच्या कडेला कठडा. ते जमणार नाही तिथं जाळी. पट्टा सगळ्यांत शेवटी. आणि पट्ट्यानं झेललं म्हणजे सुटला असंही नाही. लोंबकळणाऱ्या माणसाचं रक्त पायांत साचतं, त्याला काही मिनिटांत सोडवावं लागतं. कुणी आणि कशानं, हे आधी ठरलेलं हवं. आपल्याकडे मात्र सुरुवातच पट्ट्यापासून होते. तो स्वस्त पडतो, हे झालंच. पण मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. कठडा नसला तर दोष बांधणाऱ्याकडे जातो, हुक नसला तर मजुराकडे.

१० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात, बाळकूमला, ४० मजली इमारतीच्या गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग आटोपून मजूर खाली निघाले होते. बांधकामाची लिफ्ट कोसळली आणि ७ जण गेले. काम संपवून लिफ्टमध्ये उभ्या राहिलेल्या माणसानं आणखी कोणती खबरदारी घ्यायची होती? त्याच वर्षी फेब्रुवारीत वरळीला बांधकामावरून सिमेंटचा ठोकळा पडून खालचे दोघे ठार झाले. फाटकावरचा फलक इथंही निरुपयोगी.

बांधकाम मजुरांसाठी २०२५ पर्यंत १९९६ चा स्वतंत्र कायदा होता, बांधकाम खर्चावर १ टक्का उपकरही आहे. त्यातून राज्याचं मंडळ नोंदणीकृत मजुरांना सुरक्षा संच देतं. म्हणजे पुन्हा अंगावर घालायच्या वस्तू! नोंदणीसाठी आदल्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो; दर दोन-तीन महिन्यांनी साइट बदलणाऱ्या परप्रांतीय मजुराला तो कोण लिहून देणार, हा आणखी वेगळा विषय.

मला एक साधी गोष्ट सुचते. निविदेत कठडे, जाळ्या आणि लिफ्टची तपासणी यांचा खर्च स्वतंत्र ओळीत लिहावा, रक्कम मालकानं आधीच ठरवून टाकावी आणि ठेकेदारांनी बोली लावायची ती उरलेल्या कामावर. आज हा खर्च एकूण दरात मुरलेला असतो, आणि दर पाडायची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते.